रस्ता चांगला आहे, तोवरच

बीड जिल्ह्यातल्या नारायणगड देवस्थानाच्या रस्त्याचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. पहिलं, "डांबर टिकत नाही, एकदाचं सिमेंट करून टाका." दुसरं, "चांगल्या रस्त्यावर पुन्हा डांबर मारणं म्हणजे बिलं काढायचा धंदा." ग्रामसभेत, चहाच्या टपरीवर, पुढाऱ्याच्या भाषणात आणि शिकल्यासवरल्या माणसांच्या बोलण्यातही ही वाक्यं सारख्याच ठामपणे येतात. बोलणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. दुसऱ्या वाक्यामागे तर लोकांचा कडू अनुभव आहे. तरीही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत आणि बीड जिल्ह्यासारख्या हात आखडून खर्च करावा लागणाऱ्या जिल्ह्याला ही चूक परवडणारी नाही. म्हणून हा प्रतिवाद.

माझं म्हणणं थोडक्यात असं. डांबरी रस्त्यावर किंवा वाहनतळावर खर्च करण्याची खरी वेळ तो चांगला दिसत असतानाच असते. भेगा केसाएवढ्या असतात, खडी अजून सुटलेली नसते, तेव्हा वरून दिलेला काही मिलिमीटरचा थर खालचे सगळे थर वाचवतो. खड्डा पडल्यावर आपण जे करतो ती देखभाल नाही, ती झालेल्या नुकसानीची भरपाई आहे.

नारायणगडाचं उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण इथली परिस्थिती वेगळी आहे आणि ती नीट समजून घेतलेली नाही. गडाला धाकटी पंढरी म्हणतात. आषाढीला इथे दर्शनाला रांगा लागतात. गेल्या काही वर्षांत त्यात दसऱ्याची भर पडली. १२ ऑक्टोबर २०२४ ला आणि पुन्हा २ ऑक्टोबर २०२५ ला मनोज जरांगे पाटील यांचा दसरा मेळावा याच गडावर झाला आणि राज्यभरातून गाड्या आल्या. अशा दिवशी जीप, ट्रॅक्टर, टेम्पो आणि मोटारसायकली दिसेल त्या मोकळ्या जागेत लागतात. चार-दोन दिवसांनी सगळं शांत होतं. मग लोक म्हणतात, "गर्दीनं रस्त्याची वाट लावली."

इथपासूनच चुकायला सुरुवात होते. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात एक मोठा प्रयोग झाला. मुद्दाम रस्ते बांधून त्यांच्यावरून वेगवेगळ्या वजनाच्या गाड्या सतत पळवल्या गेल्या. त्यातून निघालेला नियम जगभरचे रस्ता अभियंते आजही ठोकताळा म्हणून वापरतात. आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, ते सुमारे सोळा पट होतं, कारण नुकसान भाराच्या चौथ्या घाताने वाढतं. साध्या मोटारीच्या एका आसावर अर्धा-पाऊण टन वजन येतं. भरलेल्या ट्रकच्या आसावर दहा टन धरा. हिशेब केला तर ट्रकचा एक आस तीस हजारांहून जास्त मोटारींच्या आसांइतकं नुकसान करतो. वाळूचा भरलेला हायवा किंवा उसाच्या दोन ट्रेलरचा ट्रॅक्टर सोडला, तर मेळाव्याच्या दिवशी आलेल्या लहान गाड्यांनी रस्त्याचा पाया हलत नाही. गर्दीला दोष देऊन आपण खऱ्या कारणाकडे पाठ फिरवतो.

खरं कारण आहे ऊन, आणि मग पाणी. डांबर ही मेलेली वस्तू नाही, ती म्हातारी होते. त्यातले हलके, तेलकट घटक उन्हाने आणि हवेने कमी होत जातात, प्राणवायूशी संयोग होऊन उरलेलं डांबर कडक आणि ठिसूळ बनतं. मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या दुपारी हवेचं तापमान चाळीसच्या वर असतं, तेव्हा काळ्या पृष्ठभागाचं साठच्या घरात जातं. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-३० दर्जाच्या डांबराचा मृदूबिंदू भारतीय मानकानुसार किमान ४७ अंश. म्हणजे रस्त्याची त्वचा रोज दुपारी मऊ होते, रात्री आवळते आणि दर उन्हाळ्यात थोडी थोडी वाळत जाते.

आता ही गोष्ट लोकांना पटत नाही, पण खरी आहे: वाहतूक कमी असलेला डांबरी पृष्ठभाग या बाबतीत जास्त धोक्यात असतो. रोज गाड्या जात राहिल्या की चाकांच्या दाबाने वरचा थर मळला जातो, बारीक भेगा पुन्हा मिटतात. ज्या जागेवर वर्षातले मोजके दिवस गर्दी आणि बाकीचे दिवस नुसतं ऊन, तिथे भेगा मिटवणारं कुणी नसतं. देवस्थानांचे वाहनतळ, मंगल कार्यालयांची पटांगणं, बाजार समितीच्या आवारातले रिकामे कोपरे याच कारणाने फाटतात. नारायणगडासारख्या ठिकाणी वापर कमी म्हणून देखभाल कमी, हा हिशेब अगदी उलटा आहे.

हे पाहायला यंत्र लागत नाही. एप्रिलमध्ये कुठल्याही पाच-सहा वर्षं जुन्या ग्रामीण डांबरी रस्त्याच्या कडेला उकिडवं बसा. रंग काळा राहिलेला नसतो, राखाडी झालेला असतो. खडीचे माथे डांबरातून उघडे पडलेले असतात, बाजूने डांबर झिजून खाली गेलेलं असतं. नखाने बारीक खडा टोकरला तर तो सुटून येतो. साईडपट्टीच्या कडेला सुटलेल्या कचेची एक ओळ साचलेली दिसते. ती कच काल-परवा रस्त्यातच होती. थोडं पुढे रस्त्याच्या लांबीच्या दिशेने एक भेग दिसेल, पोस्टकार्डाची कड आत जाईल एवढी. या अवस्थेत मोटारसायकलवरून जाणारा माणूस म्हणतो, "रस्ता मस्त आहे." याच अवस्थेत तो वाचवता येतो.

मग मृग लागतो. पाणी त्या भेगेतून खाली उतरतं. खडीकरणाच्या थरात मुरतं, त्याखालच्या मुरमात जातं आणि जिथे भराव काळ्या मातीवर आहे तिथे माती फुगते. भिजलेला पाया निम्मंही वजन पेलत नाही. आता एक हायवा पुरेसा होतो. चाकाखाली भेगेतून गढूळ पाणी वर उडतं, त्याबरोबर बारीक माती निघून जाते, आत पोकळी होते. मग मगरीच्या पाठीसारख्या चौकोनी भेगांचं जाळं आणि शेवटी खड्डा. खड्डा हा शेवटचा अंक आहे. आपण नाटक तिथून बघायला सुरुवात करतो.

मराठवाड्यात हे नव्याने सांगायला लागावं याचंच वाईट वाटतं. माळवदाच्या घरात वाढलेल्या माणसाला हे तत्त्व ठाऊक आहे. पावसाळा तोंडावर आला की माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा, ती चोपून बसवायची, पन्हाळी मोकळी करायची. गळायला लागल्यावर माती टाकणाऱ्याला घरातली म्हातारी माणसं सुखाने जेवू देत नसत. घर गळत नसताना माती टाकणं ही उधळपट्टी आहे असं कुणी म्हणत नव्हतं.

डांबरी पृष्ठभागावर द्यायच्या थरांचे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे. सगळ्यांना 'सीलकोट' म्हणून एकाच पारड्यात टाकल्यामुळे बरीच फसवणूक होते. सगळ्यात हलका म्हणजे फॉग स्प्रे. पातळ केलेलं इमल्शन, चौरस मीटरला अर्धा ते एक लिटर, फवारून द्यायचं. इमल्शन म्हणजे पाण्यात विखुरलेलं डांबर. ते फवारताना तपकिरी असतं, पाणी सुटून डांबर धरलं की काळं होतं. तपकिरी आहे तोवर त्यावर चाक जाऊ द्यायचं नाही, एवढं पथ्य पाळलं तरी अर्धं काम झालं. वाळत चाललेल्या, पण न फाटलेल्या पृष्ठभागाला हे पुरतं.

बारीक भेगा असतील तर स्लरी सील. इमल्शन, बारीक कच, भुकटी आणि पाणी यांचं ओलं मिश्रण दोन ते आठ मिलिमीटर जाडीत पसरायचं. वाहनतळासाठी आणि वारकऱ्यांच्या पायवाटेसाठी मी हेच निवडेन, कारण ते सपाट बसतं. आषाढीला अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या पायाखाली सुटी खडी टाकणारा अभियंता कागदावर बरोबर असला तरी माझ्या लेखी नापास आहे. स्लरीचाच दणकट भाऊ म्हणजे मायक्रोसरफेसिंग. त्यात सुधारित इमल्शन असतं, ते लवकर धरतं, वर्दळीच्या रस्त्याला चालतं. जर्मनीत साठच्या दशकाच्या अखेरीस ते विकसित झालं. इंडियन रोड्स काँग्रेसने या दोन्ही पद्धतींसाठी २००८ मध्येच स्वतंत्र मार्गदर्शक तपशील काढले. म्हणजे "हे आपल्याकडे नवीन आहे" ही सबब तेव्हाच संपली.

तिसरा प्रकार सरफेस ड्रेसिंगचा, डांबर फवारून त्यावर एकसारख्या मापाची खडी पसरायची आणि रोलर फिरवायचा. यातली एक बारीक गोष्ट सांगतो, कारण सगळी गुणवत्ता तिच्यात आहे. १९३५ मध्ये न्यूझीलंडच्या हॅन्सन नावाच्या अभियंत्याने मोजून दाखवलं की खडी टाकल्याबरोबर तिच्यात सुमारे पन्नास टक्के पोकळी असते, रोलर फिरल्यावर ती तीस टक्क्यांवर येते आणि वाहतुकीने बसल्यावर वीसवर. खडीचा थर एकपदरी हवा, दगडावर दगड नको. डांबर इतकंच हवं की बसलेल्या खडीची बहुतेक उंची त्यात बुडेल आणि माथा उघडा राहील. डांबर कमी पडलं तर खडी उडते, जास्त झालं तर उन्हात वर येतं आणि चपलेला चिकटतं. खडीवर धूळ असेल तर डांबर धुळीला चिकटतं, दगडाला नाही. न्यूझीलंडचे बहुतेक डांबरी रस्ते आजही याच पद्धतीवर चालतात. तो गरीब देश नाही. कमी वर्दळीच्या लांबलचक रस्त्यांना महागडे जाड थर देण्यात शहाणपण नाही, हे त्यांनी नव्वद वर्षांपूर्वी ओळखलं.

आता त्या दुसऱ्या वाक्याकडे वळतो. "हा बिलं काढायचा धंदा आहे." ज्यांनी हे म्हटलं त्यांनी काय पाहिलं आहे, हे मला माहीत आहे. मोठा कार्यक्रम ठरतो, आठ दिवसांवर येतो, आणि मग धूळ न झाडता, ओल न बघता, रस्त्यावर काळा पातळ हात फिरवला जातो. फोटोत रस्ता चमकतो. पहिल्या जोरदार पावसात ते काळं पापुद्र्यासारखं निघतं. लोकांनी याला धंदा म्हटलं तर त्यांचं काय चुकलं? काहीच नाही. पण हे वाईट काम ज्या गोष्टीच्या नावाने झालं, त्या गोष्टीलाच वाईट ठरवणं चूक आहे. बनावट औषध विकलं गेलं म्हणून औषध घेणं थांबवा असं कुणी सांगत नाही.

उलट माझा दावा असा की रस्त्याच्या सगळ्या कामांत पृष्ठभागाचा थर हे लोकांना स्वतः तपासता येणारं काम आहे. खडीकरणाची जाडी, खालच्या डांबरी थराचं दाबण, मुरमाचा दर्जा, हे सगळं झाकलं गेल्यावर कळत नाही. फवारलेलं डांबर मात्र मोजता येतं. फूटभर लांब-रुंद पत्र्याचा ट्रे वजन करून रस्त्यावर ठेवायचा, फवारणीचा टँकर त्यावरून जाऊ द्यायचा, ट्रे उचलून पुन्हा वजन करायचं. फरकावरून चौरस मीटरला किती किलो पडलं ते जागेवर निघतं. ही चाचणी सरकारी तपशिलातच आहे, कुणाची परवानगी लागत नाही. ती करताना ग्रामपंचायतीचा सदस्य आणि संस्थानचा माणूस शेजारी उभा राहिला, आकडा मोजमाप पुस्तिकेत चढला, तर चोरीला जागा फार उरत नाही. फवारणीआधी रस्ता झाडला का, भेगा भरल्या का, खडी धुतलेली आहे का, हे तर डोळ्यांनी दिसतं. ज्यांना भ्रष्टाचाराचा खरोखर राग आहे त्यांनी या कामाला विरोध करण्याऐवजी त्याच्या दिवशी तिथे हजर राहावं.

वेळेचा मुद्दा याच्याशी जोडलेला आहे. दसरा पावसाळ्याच्या शेपटावर येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये बीडसह मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, नद्यांना पूर आले, शेतं खरवडून गेली आणि लगेच २ ऑक्टोबरला दसरा होता. अशा ओल्या जमिनीवर, भाद्रपद-आश्विनात, कुठलाही थर धरत नाही. कार्यक्रमाआधी काम करायचं असेल तर ते मागच्या उन्हाळ्यात झालेलं असलं पाहिजे. दसऱ्यानंतर रस्ता चालत जाऊन पाहायचा, कार्तिक-मार्गशीर्षात भेगा भरायच्या, जानेवारीपासून उन्हं चढेपर्यंत थर द्यायचा, आणि मृगाआधी मोऱ्या व बाजूचे चर मोकळे करायचे. मार्चअखेर निधी संपवण्याच्या घाईत सगळं एकाच पंधरवड्यात कोंबण्याची सवय या क्रमाच्या मुळावर येते.

आता पहिलं वाक्य, "डांबर टिकत नाही." त्याच्या उत्तरासाठी लोक स्वतःच माझ्या हाती पुरावा देतात. "पुण्याचा जंगली महाराज रस्ता बघा, वर्षानुवर्षं खड्डा नाही," असं कौतुकाने सांगतात. हो, बघा. तो १९७६ मध्ये रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांच्या हमीवर बांधला, आणि तो डांबरी होता. डांबर टिकत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण देऊ नये. त्या रस्त्याने सिद्ध केलं ते एवढंच की नीट दाबलेलं, उताराने पाणी काढून देणारं, उठसूट न खोदलेलं डांबर टिकतं. आपण ज्याला डांबराचा दोष म्हणतो तो बहुतेकदा पाण्याचा आणि दाबणाचा दोष असतो. ते दोष तसेच ठेवून वर काँक्रीट टाकलं तर तेही फुटतं, फक्त महाग होऊन फुटतं.

काँक्रीट कुठेच नको असं माझं मुळीच म्हणणं नाही. गावठाणात, जिथे सांडपाणी रस्त्यावर येतं, तिथे ते हवंच. ओढ्याच्या पाण्याखाली जाणाऱ्या फरशीवर हवं, गडाच्या चढावर जिथे पाणी धारेने रस्त्यावरून वाहतं तिथेही. पण सरसकट सगळीकडे म्हणजे दुसरी चूक. काँक्रीटला किमान दोन आठवडे पाणी मारत राहावं लागतं, आणि ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात माणसांना टँकर लागतो तिथे हे पाणी येतं कुठून? ते आलं नाही तर पृष्ठभाग भुसभुशीत होतो आणि त्याला काहीही फवारून इलाज नाही. काळ्या मातीवर, पायाची तयारी न करता टाकलेली पातळ काँक्रीटची लादी माती फुगली की आडवी तडकते. पुढे जलवाहिनीसाठी ती फोडली की तो पट्टा कधीच पूर्ववत होत नाही. शिवाय जेवढ्या पैशात एक किलोमीटर काँक्रीट होतं तेवढ्यात किती किलोमीटर चांगलं डांबर आणखी काही वर्षं जगवता येईल, हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

न विचारण्याचं कारण आपल्या राजकारणात आहे. आपल्याला खड्डा दिसतो, वाचलेला रस्ता दिसत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये विरोधकांनी खड्ड्यासोबत सेल्फी काढण्याची मोहीम चालवली. तत्कालीन सार्वजनिक बांधकाम मंत्री चंद्रकांत पाटील यांनी १५ डिसेंबर २०१७ पर्यंत राज्यातले रस्ते खड्डेमुक्त करण्याची घोषणा केली होती. दोन्ही बाजूंनी मोजलं काय, तर खड्डे. मी दोन्ही पक्षांना एकच सांगेन: खड्डा मोजून रस्ता सुधारत नाही. सगळ्यात वाईट रस्त्याला आधी पैसे द्यायचे, हा नियम ऐकायला न्यायाचा वाटतो, पण त्याचा परिणाम असा होतो की सगळा निधी मेलेल्या रस्त्यांवर जातो आणि दरम्यान चांगले रस्ते मरणाच्या रांगेत लागतात.

याची किंमत जगाने मोजलेली आहे. जागतिक बँकेच्या १९९४ च्या विकास अहवालात नोंद आहे की आफ्रिकेत त्याआधीच्या दशकात वेळेवर १२ अब्ज डॉलरची देखभाल झाली असती तर ४५ अब्ज डॉलरची पुनर्बांधणी टळली असती. दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय रस्ते संस्थेचा अंदाज आणखी बोलका आहे: तीन वर्षं दुर्लक्ष केलं तर दुरुस्तीचा खर्च देखभालीच्या सहापट होतो, पाच वर्षं केलं तर अठरापट. इथले दर वेगळे असतील, पण वाढीची दिशा वेगळी असण्याचं कारण नाही. आणि आपल्याकडे तर पैशापलीकडची किंमतही आता ठरली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर कुटुंबाला सहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तो पैसा कुठून तरी येणार. चौरस मीटरला लिटरभर इमल्शनचा खर्च ज्यांना जड वाटतो त्यांनी हा आकडा समोर ठेवावा.

पूर्वी या कामाला माणूस होता. सार्वजनिक बांधकाम खात्याचा मैलकुली. त्याच्याकडे ठरावीक लांबीचा रस्ता असे. हातात फावडं, पाटी, घमेलं. चर काढणं, साईडपट्टीचा मुरूम ओढून रस्त्याच्या पातळीला आणणं, मोरीतला गाळ उपसणं, भेग दिसली की मुकादमाला सांगणं. त्याचा रस्त्याशी रोजचा संबंध होता, म्हणून भेग केसाएवढी असतानाच कुणाला तरी दिसत होती. ती पदं घटत गेली, त्यांच्या जागी निविदा आल्या. निविदेला डोळे नसतात. आता ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी असतो, पण त्या मुदतीत रस्ता कोण चालून पाहतो? मुदत संपण्याच्या आधीच्या महिन्यात कनिष्ठ अभियंता, सरपंच आणि ठेकेदार यांनी मिळून रस्ता पायी पाहण्याची सक्ती केली, तरी कितीतरी भेगा ठेकेदाराच्या खर्चाने बुजतील.

वाहनतळाबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. पहिली गोष्ट, सगळं पटांगण डांबरी करूच नका. वर्षातून मोजके दिवस भरणाऱ्या जागेला गाड्या आत-बाहेर करण्याचे मुख्य पट्टे डांबरी असले की पुरे. बाकी दाबलेला मुरूम चालतो, पाणी मुरतं, आणि उन्हाने फाटायला तिथे काही नसतंच. जे पट्टे डांबरी कराल त्यांना उतार द्या, मीटरला निदान दीड-दोन सेंटिमीटर, नाहीतर गाडी उभी राहते तिथेच डबकं साचतं.

दुसरी गोष्ट तेलाची. उभ्या गाड्यांमधून डिझेल आणि ऑइल ठिबकतं. डांबर पेट्रोलियममधूनच आलेलं असल्यामुळे ते डिझेलमध्ये विरघळतं. म्हणून वाहनतळावर खड्डे पडायची सुरुवात बहुतेक वेळा काळपट डागापासून होते. थर देण्याआधी डाग लाकडाच्या भुशाने आणि साबणाच्या पाण्याने काढले नाहीत तर तिथे वरचा थर धरतच नाही. यावर उपाय म्हणून तेलाला दाद न देणारं कोलटारचं लेपन कुणी सुचवलं तर स्पष्ट नकार द्यावा. कोळशापासून निघालेल्या टारमध्ये कर्करोगाशी जोडलेली घातक संयुगं फार मोठ्या प्रमाणात असतात आणि ती झिजून धुळीत व पाण्यात जातात. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराने २००५ मध्ये त्यावर बंदीचा निर्णय घेतला, पुढे वॉशिंग्टन आणि मिनेसोटा या राज्यांनीही घेतला. गडाच्या पायथ्याला विहिरी आहेत, शेतं आहेत. तिथलं पाणी माणसं आणि जनावरं पितात. इमल्शनवर आधारलेलं लेपन थोडं लवकर पुन्हा द्यावं लागेल, तरीही तेच द्यावं.

या थरांच्या मर्यादाही इथेच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या युक्तिवादाचा गैरवापर करून कुणी मेलेला रस्ता रंगवणार नाही. जाळीदार भेगा पडल्या असतील, चाकोरीत रस्ता दबला असेल, कड तुटून साईडपट्टी हातभर खाली गेली असेल, तर वरचा कुठलाही थर व्यर्थ आहे. तिथे खराब भाग चौकोनी कापून, ओला मुरूम काढून, थराथराने दाबून भरावा लागतो. उसाचे अतिभारित ट्रेलर आणि वाळूचे हायवा रोज जात असतील तर मजबुतीकरणाशिवाय पर्याय नाही, आणि वजनावर बंधन नसेल तर तेही पुरणार नाही. पृष्ठभागाचा थर पाणी आणि ऊन अडवतो. तो भार पेलत नाही. ज्या रस्त्याचा पाया शाबूत आहे आणि त्वचा वाळली आहे, त्याच्यासाठी तो आहे. नारायणगडासारख्या ठिकाणी, जिथे ऊन रोजचं आणि जड वाहन क्वचितचं, असे रस्ते सापडण्याची शक्यता जास्त आहे. म्हणून तर इथे हा मुद्दा इतक्या आग्रहाने मांडतो.

राहिला आक्षेप पैशाचा: "आधी जिथे रस्ताच नाही तिथे द्या, मग चांगल्या रस्त्याचं बघू." हा सगळ्यात प्रामाणिक आक्षेप आहे. वस्तीवरच्या बाईला बाळंतपणासाठी चिखलातून बाजेवर नेलं जात असताना कुठल्या तरी काळ्या रस्त्यावर आणखी काळं फवारायचं, हे मनाला पटत नाही. मलाही पटत नाही. पण बघा, त्या वस्तीचा रस्ता अडतो कशाने? दरवर्षी जिल्ह्याचा बराच निधी पाच-सात वर्षांपूर्वीच केलेले रस्ते पुन्हा मुळापासून करण्यात जातो. ते रस्ते वाचले असते तर वस्तीचा रस्ता केव्हाच झाला असता. चांगल्या रस्त्याची देखभाल आणि नसलेला रस्ता हे एकमेकांचे वैरी नाहीत. वस्तीचा पैसा खाणारा आहे तो वेळेआधी मेलेला रस्ता.

तेव्हा गडाच्या विश्वस्तांना, आजूबाजूच्या गावांच्या सरपंचांना, सार्वजनिक बांधकाम उपविभागाच्या अभियंत्यांना माझी विनंती आहे. येत्या अंदाजपत्रकात खड्डे बुजवण्याच्या तरतुदीहून वेगळी, फक्त अजून न फुटलेल्या रस्त्यांसाठी एक तरतूद करा आणि कार्यक्रमाच्या तोंडावर ती वळवता येणार नाही असा ठराव घ्या. दसऱ्यानंतर रस्ता पायी चालून भेगांची नोंद करा, ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. आणि वाचकांनो, फवारणीच्या दिवशी ट्रेचं वजन होताना तिथे उभे राहा.